फेसलिफ्ट झालेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही: नवी फीचर्स आणि टिकाऊपणा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुधारित मॉडेल बाजारात आलं की चर्चा फीचर्सच्या यादीवरच थांबते. गाडी मात्र आठ-दहा वर्षं वापरायची असते, आणि तेवढ्या काळात यादीतली कोणती गोष्ट त्रास देईल हे बऱ्याच अंशी आधी ओळखता येतं. त्यासाठी नव्या गाडीत खरोखर नवं काय आणि जुनंच काय हे आधी वेगळं करावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं त्याच कामाची आहेत.

फेसलिफ्ट आणि नवी पिढी यांत नेमका फरक काय?

फेसलिफ्टमध्ये गाडीचा सांगाडा तोच राहतो. प्लॅटफॉर्म, दारं, छत, सस्पेन्शनची रचना आणि बहुतेकदा इंजिन-गिअरबॉक्सही जुनेच असतात. बदलतात ते बंपर, ग्रिल, हेडलॅम्प, डॅशबोर्ड, स्क्रीन आणि सॉफ्टवेअर. नव्या पिढीत प्लॅटफॉर्मपासून सगळंच बदललेलं असू शकतं.

ओळखायचं कसं? दोन्ही गाड्यांचे बाजूने काढलेले फोटो शेजारी ठेवा. व्हीलबेसचा (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा) आकडा, दारांच्या कडा आणि खिडक्यांची रेषा जुळली तर सांगाडा तोच आहे. दारं आणि छत बदलायचं तर पत्रा दाबण्याचे साचे नव्याने करावे लागतात आणि फेसलिफ्टसाठी कंपन्या सहसा तेवढ्या खर्चात पडत नाहीत.

जुन्या भागांचा तीन-चार वर्षांचा अनुभव लोकांच्या गाठीशी असतो, नव्या भागांचा नसतो. म्हणून ज्या फेसलिफ्टमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स तेच ठेवून फक्त अंतर्भाग सुधारला आहे, ती टिकाऊपणाच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित खरेदी ठरते.

ब्रोशरमधून खरोखर नवं काय ते कसं काढायचं?

जुन्या आणि नव्या मॉडेलची तांत्रिक माहितीपत्रकं मिळवा आणि पाच ओळी ताडून पाहा: इंजिनची क्षमता सीसीमध्ये, सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक, कमाल पॉवर-टॉर्क, गिअरबॉक्सचा प्रकार, आणि मागच्या सस्पेन्शनची रचना. व्यास आणि स्ट्रोक तेच असतील तर इंजिनाचा ब्लॉक बहुधा तोच आहे, जाहिरातीत नाव काहीही असो. सीसी तेवढीच पण टॉर्क बराच वाढलेला दिसला, तर टर्बो, इंजेक्शन किंवा ट्यूनिंगमध्ये बदल झाला आहे असं समजा आणि विक्रेत्याला नेमका बदल विचारा. उत्तर गोलमोल आलं तर सर्व्हिस विभागात जा. तिथल्या मेकॅनिकला नव्या गाडीचा ऑइल फिल्टर आणि स्पार्क प्लग जुन्या गाडीचाच लागतो का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नये, असं म्हणतात. खरं का?

पूर्ण नव्या पिढीच्या बाबतीत हा सल्ला योग्य आहे. सुट्या भागांचे पुरवठादार, जुळणीची पद्धत, सॉफ्टवेअर, सगळंच नवं असतं आणि काही दोष हजारो गाड्या रस्त्यावर आल्यावरच दिसतात. सहा महिने ते वर्षभर थांबलात तर पहिल्या खेपेचे दोष बरेचसे निवळलेले असतात. फेसलिफ्टला हा नियम तेवढा लागू होत नाही. तिथे साधारण दोन-तीन महिने थांबलं तरी चालतं, तेही मुख्यतः स्क्रीनच्या सॉफ्टवेअरसाठी. मात्र फेसलिफ्टमध्ये गिअरबॉक्सच नवा दिला असेल, तर तिला पहिल्या वर्षाची गाडीच समजा.

एक-दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन टिकतं का?

टिकतं, पण जुन्या साध्या पेट्रोल इंजिनाइतकं दुर्लक्ष ते सहन करत नाही. त्याच्या अडचणी मोजक्या आणि ओळखीच्या आहेत.

पहिली, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळणं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना त्यातलं थोडं भिंतींवर चिकटतं आणि पिस्टनच्या रिंगांवाटे खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन पुरेसं तापलं तर ते उडून जातं. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर ते साचत जातं आणि ऑइल पातळ होतं. २०१८ मध्ये होंडा सीआर-व्हीच्या दीड लिटर टर्बो इंजिनाबाबत ही तक्रार इतकी वाढली की चीनमध्ये विक्री काही काळ थांबवावी लागली.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चालू करण्याआधी डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला आणि पुन्हा काढा. ऑइलची रेघ वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि वास घेतल्यावर पेट्रोलचा उग्र दर्प आला, तर ऑइल लगेच बदला. पातळी घटण्याची भीती सगळ्यांना असते. ती वाढणंही तितकंच वाईट, आणि नेमकं तेच नजरेतून सुटतं. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवणं आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावरच ऑइल बदलणं.

दुसरी अडचण म्हणजे कमी आरपीएमवर होणारं अवेळी ज्वलन. वरच्या गिअरमध्ये १,५००-२,००० आरपीएमला ॲक्सिलरेटर जोरात दाबला की स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. त्याचा धक्का पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) फोडण्याइतका मोठा असू शकतो. यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे म्हणजे एपीआयचे ऑइलचे दर्जे बदलले गेले: २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन गाडीत एसपी किंवा त्यापुढच्या दर्जाचंच ऑइल घाला आणि ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० हा जाडीचा आकडा मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल, ही समजूत या इंजिनांना लागू पडत नाही.

तिसरी अडचण इनटेक व्हॉल्व्हवर जमणाऱ्या कार्बनची. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत जायचं आणि ते धुतले जायचे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते होत नाही. साधारण लाखभर किलोमीटरच्या आसपास थंड इंजिन थरथरणं, पिकअप मंदावणं अशी लक्षणं दिसू शकतात. काही नव्या इंजिनांत दोन्ही प्रकारची इंजेक्टर्स असतात आणि तिथे हा प्रश्न जवळजवळ मिटतो. फेसलिफ्टमध्ये दुहेरी इंजेक्शन आलं असेल तर तो खराखुरा फायदा आहे, जाहिरातीत त्याला जागा मिळो न मिळो.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. त्याचं पातं मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतं. घाट चढून किंवा महामार्गावरून जोरात येऊन थांबल्यावर इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. लगेच बंद केलं तर बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी करपतं.

टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे विचारणं गरजेचं आहे का?

अगदी गरजेचं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवण्याचं काम हीच चेन किंवा बेल्ट करते. चेन, कोरडा बेल्ट आणि ऑइलमध्ये बुडालेला बेल्ट असे तीन प्रकार असतात. तिसऱ्याबद्दल सावध राहा. ऑइल चुकीचं असलं किंवा त्यात पेट्रोल मिसळलं की बेल्टचं रबर फुगतं आणि त्याचे कण सुटतात. ते कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि बेल्ट तुटायच्या आधीच इंजिन जायबंदी होतं. प्युजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेकमध्ये ही तक्रार गाजली. त्याच इंजिनाच्या ४८ व्होल्ट हायब्रिड आवृत्तीत पुढे चेन दिली गेली. अशी दुरुस्ती फेसलिफ्टमध्ये झाली असेल तर नव्या स्क्रीनपेक्षा तिचं मोल जास्त आहे.

चेनलाही देखभाल लागत नाही असं नाही. ऑइल वेळेवर बदललं नाही की ती ताणते. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड आवाज येणं ही तिची पहिली खूण.

ऑटोमॅटिक घ्यायची आहे. टिकाऊपणात कोणती चांगली?

रोजच्या गर्दीच्या वापरात सगळ्यात सहनशील म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये द्रव असतो, त्यामुळे मुंगीच्या पावलांनी गाडी सरकवली तरी घासण्यासारखं फारसं काही नसतं. ऑइल स्वच्छ ठेवलं तर हा गिअरबॉक्स वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

ड्युअल क्लच म्हणजे डीसीटी (दोन क्लच आळीपाळीने वापरणारी ऑटोमॅटिक). गिअर चटकन बदलते, चालवायला मजा येते. तिच्यात कोरडा क्लच आणि ओला क्लच असे दोन पोटप्रकार आहेत आणि हा फरक ब्रोशरमध्ये क्वचितच लिहिलेला असतो. कोरडा क्लच हवेवर थंड होतो. गर्दीत गाडी सतत अर्ध्या क्लचवर सरकत राहिली की तो तापतो, थरथर सुरू होते आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये सात गिअरच्या डीएसजीसाठी (डीसीटीला तिने दिलेलं नाव) जगभरात सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण क्लचचं नव्हतं. गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक ऑइलमुळे विद्युत बिघाड होऊ शकत होता, म्हणून ते बदलून मिनरल ऑइल घालायचं होतं. अशा गिअरबॉक्समध्ये यंत्राइतकंच त्याचं नियंत्रणही नाजूक असतं, हे त्यातून दिसलं. ओला क्लच ऑइलमध्ये फिरतो, उष्णता बरी सोसतो, पण ते ऑइल बदलावं लागतं, बहुतेकदा ६०,००० किलोमीटरच्या आसपास.

सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, स्टीलचा पट्टा दोन पुलींमध्ये फिरतो. शांत चालकाला ती उत्तम. सतत ओझं ओढणं, वाळूत चाकं फिरवणं, लांब घाटात दाबून चालवणं याने तिचं ऑइल तापतं आणि पट्टा घसरायला लागतो. तिला तिच्याच ठरावीक ऑइलशिवाय दुसरं चालत नाही. काही कंपन्या ‘आयुष्यभराचं ऑइल’ म्हणतात. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर त्यावर विसंबू नका, ५०-६० हजार किलोमीटरला ते बदलून घ्या.

एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मोटरने हलतात. रचना सोपी, दुरुस्ती सोपी, पण गिअर बदलताना हिसका बसतो. क्लच मॅन्युअलसारखाच झिजतो.

टेस्ट ड्राइव्हला डीसीटी अशी तपासा. वीस मिनिटं चालवून गाडी गरम झाली की हलक्या चढावर थांबा, ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटरला पायही न लावता ती कशी सरकते पाहा. मग थांबा-सरका, थांबा-सरका असं दहा वेळा करा. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या मधे पावलाखाली थरथर जाणवली, किंवा निघताना क्षणभर काहीच न होऊन मग झटका बसला, तर तो गिअरबॉक्स तुमच्या रोजच्या रस्त्याचा नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवण्याची सवय असेल तर ती आधी सोडा. कोरडा क्लच त्यानेच सर्वांत लवकर जातो.

हायब्रिड घ्यावी का? गुंतागुंत वाढली की बिघाडही वाढणार ना?

हायब्रिड म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर. कोणता हायब्रिड, यावर उत्तर ठरतं. माइल्ड हायब्रिडमध्ये इंजिनाला पट्ट्याने जोडलेली छोटी मोटर असते. इंधनाची बचत थोडी, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) गुळगुळीत. बिघडण्यासारखं फार काही नाही, फक्त पट्टा आणि त्याला ताण देणारा टेन्शनर तपासत राहा.

पूर्ण हायब्रिडबद्दल मात्र एक उलटी गोष्ट आहे. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये ग्रहमालेसारखे गिअर आणि दोन मोटरी असतात. त्याला ई-सीव्हीटी म्हणतात, पण सीव्हीटीचा पट्टा त्यात नसतो. घासला जाणारा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही आणि ब्रेकचं बरंच काम मोटर करते, म्हणून ब्रेक पॅडही जास्त टिकतात. कागदावर गुंतागुंतीची दिसणारी ही रचना प्रत्यक्षात झिजणारे भाग कमी करते. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीला हवा देणारी जाळी असते. ती पिशव्यांनी झाकू नका आणि तिचा फिल्टर दर सर्व्हिसला साफ करायला सांगा. बॅटरी लवकर जाण्यामागे बरेचदा तुंबलेली जाळीच असते. काही हायब्रिड मॉडेलांत बॅटरीमुळे स्टेपनीची जागा जाते, तेही बघून घ्या.

डिझेल?

रोज लांबचा प्रवास असेल तरच. डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) साचलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापावा लागतो आणि त्यासाठी स्थिर वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालवणं लागतं. शहरात हे चक्र अर्धवट तुटत राहतं, फिल्टर भरतो आणि जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये जातं.

एडीएएस किती कामाचं आणि किती त्रासाचं?

एडीएएस म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या मदतीने चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा. फेसलिफ्टमध्ये सर्वांत जास्त गाजावाजा याचाच होतो. आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक आणि ब्लाइंड स्पॉटची सूचना या दोन गोष्टी खरोखर जीव वाचवतात आणि त्यासाठी वरचा व्हेरिएंट घेणं समर्थनीय आहे. लेनमध्ये धरून ठेवणारं फीचर चांगल्या आखलेल्या रस्त्यावर उपयोगी. पट्टे पुसलेल्या रस्त्यावर तुम्ही ते बंदच ठेवाल. हे सगळं मिळूनही स्वयंचलनाच्या लेव्हल २ पर्यंतच जातं, म्हणजे जबाबदारी पूर्णपणे चालकाची.

पुढच्या काचेच्या वर आरशामागे कॅमेरा असतो, पुढच्या ग्रिलमध्ये किंवा बंपरमागे रडार आणि मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत ब्लाइंड स्पॉटची रडार. काही गाड्यांत फक्त कॅमेरा असतो. धुक्यात, दाट पावसात आणि समोरून येणाऱ्या उन्हात कॅमेरा आंधळा होतो, रडार बरंचसं पाहू शकतं. दोन्ही असलेली गाडी निवडा.

दुरुस्तीच्या वेळी खरी गोम कळते. पुढची काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेमका कोन पुन्हा जुळवणं) करावंच लागतं. ते दोन प्रकारे होतं: वर्कशॉपमध्ये ठरावीक अंतरावर छापील फलक मांडून, किंवा स्कॅनर जोडून रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून. काही गाड्यांना दोन्ही लागतं. कॅमेऱ्याच्या कोनात एक अंशाची चूक झाली तर ५० मीटरवर ती जवळजवळ ८७ सेंटीमीटर होते, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी समोर आहे असं त्याला वाटू शकतं. बंपरला पुटी भरून जाड रंग मारला तर मागची रडार गोंधळतात, कारण त्यांच्या लहरी त्या प्लास्टिकमधूनच जातात. म्हणून ठोकर लागल्यावर बंपर दुरुस्त न करता बदलायला सांगणं इथे योग्य ठरतं. व्हील अलाइनमेंटनंतरही काही मॉडेलांत कॅलिब्रेशन लागतं, मॅन्युअलमध्ये पाहा.

घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला एकच प्रश्न विचारा: कॅलिब्रेशनचे फलक आणि सपाट जागा तुमच्याकडे आहे का, की गाडी दुसरीकडे पाठवता? काचेच्या दुरुस्तीला किती दिवस जातील ते त्यावर ठरतं.

मोठी स्क्रीन आली, बटणं गेली. याचा टिकाऊपणाशी काय संबंध?

गाडीमालकांची सर्वेक्षणं करणाऱ्या जे. डी. पॉवर या संस्थेच्या टिकाऊपणाच्या सर्वेक्षणांत मालकांच्या सगळ्यात जास्त तक्रारी इन्फोटेनमेंटबद्दल (स्क्रीन, संगीत, फोनजोडणी) असतात, इंजिनाबद्दल नाहीत. स्क्रीन गोठते, ब्लूटूथ तुटतं, वायरलेस जोडणी सुटते, रिव्हर्स कॅमेरा उशिरा येतो. गाडी बंद पडत नाही, पण मालक वैतागतो. एसीचं नियंत्रण स्क्रीनमध्येच असेल तर स्क्रीन गोठल्यावर तेही गेलं.

गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना प्रत्यक्ष बटण किंवा दांडी असावी अशी अट घातली. नजर रस्त्यावरून हलू नये, हा त्यामागचा विचार. गाडी निवडताना त्यात तापमान, पंख्याचा वेग आणि आवाज यांची भर घाला.

शोरूममध्ये स्क्रीन अशी तपासा: इंजिन चालू करताच रिव्हर्स टाका आणि कॅमेरा किती सेकंदांत दिसतो ते मोजा. दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रोज चिडचिड होईल. तुमचा स्वतःचा फोन जोडा, नकाशा लावा, मग कॉल घ्या आणि नकाशा परत येतो का पाहा. वायरलेस चार्जरवर फोन पंधरा मिनिटं ठेवा. हात लावणं नको वाटेल इतका गरम झाला तर वायरचीच सवय ठेवा.

स्टार्ट-स्टॉप आणि एवढ्या इलेक्ट्रॉनिक्समुळे बॅटरी लवकर जाते का?

साधी बॅटरी घातली तर जाते. स्टार्ट-स्टॉप गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची (वारंवार चालू-बंद सोसणारी) बॅटरी लागते. बदलतानाही तोच प्रकार घाला, आणि ज्या गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते तिथे ती करून घ्या. नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबानेच होत राहतं.

गाडी चार-पाच दिवस उभी राहून बॅटरी उतरत असेल तर गळती मोजा. गाडी बंद करून, कुलूप लावून अर्ध्या तासाने बॅटरीच्या ऋण टोकाला ॲमीटर लावला की ५० मिलिॲम्पिअरपेक्षा कमी दिसायला हवं. जास्त असेल तर पहिला संशय बाहेरून बसवलेल्या डॅशकॅमवर घ्या.

पॅनोरामिक सनरूफ गळतं का?

काच आणि रबर क्वचितच दोषी असतात. सनरूफच्या चौकटीभोवती पन्हळ असते. त्यात येणारं पाणी कोपऱ्यांतल्या चार नळ्यांतून खांबांच्या आतून खाली गाडीबाहेर पडतं. नळी तुंबली की पाणी छताच्या कापडात शिरतं, मग पायाखालच्या गालिच्यात, आणि तिथे वायरिंगचे जोड असतात. ओला गालिचा म्हणून सुरू झालेली गोष्ट तशी इलेक्ट्रिकल बिघाडावर जाते.

वर्षातून एकदा, पावसाआधी, सनरूफ उघडून एकेका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओता. काही सेकंदांत त्या बाजूच्या चाकाजवळ खाली थेंब पडायला हवेत. पाणी पन्हळीतच थांबलं तर नळी तुंबली आहे. जोरदार कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या जोडातून निसटते. लवचिक नायलॉनची तार हलक्या हाताने घाला.

वरच्या व्हेरिएंटमधली मोठी चाकं घ्यावीत का?

दिसायला छान, सोसायला कमी. एकाच गाडीत २१५/६५ आर१६, २१५/६० आर१७ आणि २१५/५५ आर१८ असे पर्याय असतील, तर टायरच्या बाजूची उंची अनुक्रमे सुमारे १४०, १२९ आणि ११८ मिलिमीटर होते. म्हणजे सोळावरून अठरावर गेलात की खड्ड्याचा मार झेलणारं रबर दोन सेंटीमीटरहून थोडं जास्तच घटलं. रिम वाकणं, टायरला फुगा येणं, सस्पेन्शनच्या बुशिंग (जोडांमधली रबरं) लवकर जाणं याचं मूळ त्यात असतं. रस्ते खराब असतील तर मधला व्हेरिएंट घ्या.

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचं काय?

विश्वासार्ह आहे. फक्त मागचे पॅड बदलताना कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) मोटर सर्व्हिस मोडमध्ये नेऊन मागे घ्यावी लागते. कोणी पिस्टन जबरदस्तीने दाबला तर आतला स्क्रू तुटतो आणि पूर्ण कॅलिपर बदलावा लागतो.

विश्वासार्हतेच्या सर्वेक्षणांवर किती विसंबायचं?

आधी बघा की ते काय मोजतं. जे. डी. पॉवरचं एक सर्वेक्षण पहिल्या ९० दिवसांच्या तक्रारी मोजतं आणि दुसरं तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या. दोन्हींत आकडा दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी असा असतो, म्हणून कमी आकडा चांगला. ९० दिवसांच्या यादीत वर असलेली गाडी टिकाऊ असेलच असं नाही. शिवाय तीन वर्षांपूर्वीच्या गाडीचा निकाल आजच्या फेसलिफ्टला तेवढ्याच भागांपुरता लागू होतो, जे भाग बदललेले नाहीत. इथेही पुन्हा तीच जुन्या-नव्याची विभागणी कामाला येते.

जुन्या मॉडेलला क्रॅश चाचणीत पाच स्टार होते. नव्यालाही धरायचे का?

स्टारसोबत चाचणीचं वर्ष आणि चाचणी झालेला व्हेरिएंट वाचा. युरो एनकॅप १९९७ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून नियम वेळोवेळी कडक होत गेले. दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आजच्या चाचणीत तेवढेच राहतील असं नाही. सांगाडा तोच असेल तर प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाचा निकाल साधारण पुढे चालतो. फेसलिफ्टमध्ये एअरबॅग वाढल्या असतील तर गुण सुधारूही शकतात.

रिकॉल आलेली गाडी टाळावी का?

नाही. रिकॉल म्हणजे दोष सापडला, कबूल केला आणि मोफत दुरुस्त करायची सोय झाली. गाडीच्या १७ अक्षरी चेसिस क्रमांकावरून तुमच्या गाडीला तो लागू आहे का हे कंपनी सांगते. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे लिहून घेताना एक आणि शून्य नीट वाचा. रिकॉलखेरीज कंपनी वर्कशॉपना सर्व्हिस बुलेटिन पाठवते. त्यात सुरक्षेशी थेट संबंध नसलेल्या तक्रारींची दुरुस्ती असते आणि मालकाला ती आपणहून कळवली जातेच असं नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हिसला ‘या चेसिस क्रमांकावर काही बुलेटिन आहे का’ असं विचारा.

ताबा घेताना काय बघावं?

दिवसाउजेडी जा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखा एकमेकांच्या जवळ असाव्यात. गाडीची उत्पादन तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर बॅटरीचं व्होल्टेज मोजायला सांगा. विश्रांतीनंतर १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा तपासा. बंपर आणि पत्रा यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, बोनेटखालच्या बोल्टवरचा रंग तुटला आहे का, हे पाहा. तुटलेला रंग म्हणजे तो भाग एकदा उघडलेला आहे.

पहिले १,००० ते १,५०० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका आणि एकाच आरपीएमवर तासन्‌तास चालवू नका.

जुन्या मॉडेलचा शिल्लक साठा घ्यावा का?

इंजिन-गिअरबॉक्स तेच असतील आणि तुम्हाला एडीएएसची गरज नसेल तर चांगली खरेदी आहे. मात्र उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर, बॅटरी, वायपर आणि ब्रेक डिस्कवरचा गंज तपासा. फेसलिफ्टमध्ये बेल्टच्या जागी चेन आली असेल, किंवा गिअरबॉक्सचा जाहीर दोष सुधारला असेल, तर नवीच घ्या.

वॉरंटीत दोष नोंदवायची योग्य पद्धत कोणती?

तोंडी सांगून येऊ नका. दोष कोणत्या वेळी, कोणत्या वेगाला, इंजिन थंड की गरम, किती वेळा हे लिहून द्या आणि जॉब कार्डवर तसंच उतरवून घ्या. ‘आवाज येतो’ ऐवजी ‘सकाळी पहिल्यांदा सुरू करताना तीन सेकंद खडखड, नंतर बंद’ असं असलं की मेकॅनिकला कुठे पाहायचं ते कळतं. शक्य असेल तर मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा. इंजिनाचा दिवा लागला असेल तर तो पुसण्याआधी कोड वाचून जॉब कार्डवर लिहायला सांगा. एकदा कोड पुसला की पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आला तरी त्या जॉब कार्डची प्रत जपून ठेवा. तोच दोष वॉरंटी संपल्यावर पुन्हा आला, तर तो मुदतीतच नोंदवला होता याचा तोच पुरावा असतो.